३३१ आलं, म्हणून बरोबर? अनुनाद नळीच्या एका गणिताची गोष्ट

गणित मीच घातलं होतं. आकडेही माझेच, प्रयोगशाळेत घेतलेल्या नोंदींतून उचललेले. चार सेंटिमीटर अंतर्व्यासाच्या उभ्या नळीत पाणी आहे. ५१२ हर्ट्झचा नादकाटा नळीच्या तोंडाशी धरून पाण्याची पातळी हळूहळू खाली नेली. हवेच्या स्तंभाची लांबी १५.८ सेमी असताना पहिला अनुनाद मिळाला, म्हणजे काट्याच्या सुराने नळी एकदम घुमली, आणि ४९.७ सेमी असताना दुसरा. हवेचं तापमान २७ अंश सेल्सिअस. ध्वनीचा वेग काढा.

जिची ही गोष्ट आहे ती विद्यार्थिनी भौतिकशास्त्राच्या पहिल्याच वर्षात होती. हुशार, अक्षर नीटनेटकं, पायऱ्या सुटसुटीत. पहिल्या अनुनादाला स्तंभात पाव तरंग मावतो, म्हणून तिने सूत्र लिहिलं: वेग = ४ × वारंवारिता × लांबी. पहिल्या नोंदीवरून ३२३.६ मीटर प्रति सेकंद आले. दुसऱ्या अनुनादाला पाऊण तरंग मावतो, म्हणून तिथे तिने ३ ने भागलं आणि ३३९.३ मिळवले. मग दोन्हींची सरासरी काढून खाली चौकटीत लिहिलं: ३३१.४. शेजारी बारीक अक्षरात शेरा होता, 'पुस्तकातील किंमत ३३१. उत्तर जुळते.'

खरं सांगायचं तर बरोबरची खूण करायला माझं पेन टेकलं होतं. पुढे वह्यांचा गठ्ठा होता, उत्तर ओळखीचं होतं, आणि ओळखीच्या उत्तराला हात आपोआप बरोबर देतो. पण चौकटीच्या वरच्या ओळीवर नजर गेली आणि थांबलो. एकाच नळीतली हवा, एकाच दिवशी, एकदा ३२४ आणि एकदा ३३९? शिवाय उत्तर जुळलं होतं ते शून्य अंशाच्या किमतीशी. गणितातली हवा २७ अंशांवर होती. तापमान दर अंशाला वाढलं की वेग सुमारे ०.६ मीटर प्रति सेकंदाने वाढतो, तेव्हा २७ अंशांना ३३१ अधिक १६.२, म्हणजे ३४७ च्या आसपास उत्तर यायला हवं. म्हणजे चौकटीतला आकडा सोळाने चुकला होता आणि चुकून नेमका पाठ असलेल्या आकड्यावर जाऊन बसला होता.

हा सापळा मी लावलेला नव्हता. आकड्यांनीच तो लावला होता, आणि त्यात आधी मी सापडलो असतो.

दुसऱ्या दिवशी वही घेऊन तिला बसवलं. चूक कुठे आहे हे सांगितलं नाही, फक्त विचारलं, "नळीत ध्वनी दोन वेगांनी गेला का गं?"

"नाही सर. रीडिंगमध्ये थोडी चूक असणार. म्हणून तर सरासरी घेतली."

हे उत्तर टाकाऊ नाही. प्रयोगात नोंदी मागेपुढे होतात आणि सरासरीने त्या सावरतात, हे तिला कोणीतरी शिकवलेलंच होतं. बहुधा मीच. म्हणून म्हटलं, ठीक आहे, चूक रीडिंगची धरू. किती मोठी चूक लागेल ते काढ. तिने मांडलं: पहिल्या नोंदीवरूनही ३३९ यायचे असतील तर लांबी १५.८ ऐवजी जवळजवळ १६.६ सेमी हवी. आठ मिलिमीटरचा फरक. मी पट्टी पुढे सरकवली. तिने पट्टीवर बोटाने आठ मिलिमीटर मोजले, क्षणभर पाहिलं आणि म्हणाली, "इतकं नाही चुकत कोणी."

अनुनाद कानाने पकडायचा असतो. पाणी खाली सरकतं तसा आवाज भरत जातो, एका जागी नळी अक्षरशः घुमते, आणि थोडं खाली गेलं की पुन्हा विरतो. ती जागा नेमकी ठरवताना मिलिमीटर-दीड मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. पहिल्या नोंदीतला एक मिलिमीटर म्हणजे वेगात दोन मीटर प्रति सेकंद, दुसऱ्या नोंदीतला एक मिलिमीटर म्हणजे जेमतेम ०.७. या हिशेबाने ३२३.६ आणि ३३९.३ यांच्यातली दरी रीडिंगच्या माथी मारता येत नाही. आणि सरासरीने बऱ्या होतात त्या कधी वर, कधी खाली पडणाऱ्या चुका. दोन्ही नोंदी एकाच बाजूला ढळल्या असतील तर सरासरीही त्याच बाजूला ढळते. फक्त दिसायला गोंडस दिसते.

"मग सूत्र चुकलं?" तिने विचारलं.

सूत्र चुकलं नव्हतं. ते कशाबद्दल आहे हे तिने पाहिलं नव्हतं. म्हणून म्हटलं, सूत्र झाक आणि नळी काढ.

तिने काढली ती आकृती सगळ्यांच्या वहीत असते. उभी नळी, खाली पाणी, आत दोन वाकड्या रेषा, पाण्यापाशी मिटलेल्या आणि तोंडाशी उघडलेल्या. मी विचारलं, या रेषा म्हणजे काय? ती म्हणाली, "हवा अशी हलते." आणि हाताने डावीकडून उजवीकडे, नळीच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत, लाट करून दाखवली.

या आकृतीने पिढ्यान् पिढ्या गोंधळ घातला आहे असं माझं मत आहे. रेषा दोरीवरच्या लाटेसारख्या दिसतात, म्हणून हवाही दोरीसारखी आडवी हलत असेल असं वाटतं. ध्वनी हा अनुतरंग. नळीतली हवा नळीच्या लांबीच्या दिशेनेच, वर-खाली डोलते. आकृतीतला रेषांमधला गाळा हा केवळ आलेख आहे. त्या जागी हवा किती डोलते, एवढंच तो सांगतो. म्हणून तिला रेषा पुसायला लावल्या आणि त्या जागी उभे बाण काढायला सांगितले. पाण्याला टेकून बाणच नाही, कारण पाण्यात घुसायला हवेला वाव नाही. तो निस्पंद. वर येत जावं तसे बाण लांब होत जातात. तोंडापाशी सगळ्यात लांब, तो प्रस्पंद.

शेवटचा बाण काढताना तिचा हात थांबला. नळीच्या कडेशी काढलेल्या बाणाचं टोक नळीच्या बाहेर गेलं होतं.

"सर, हा बाहेर जातोय."

"जाऊ दे. हवेला कोणी सांगितलंय की नळी इथे संपली?"

सगळं प्रकरण त्या बाणात होतं. तोंडाशी जोरात डोलणारी हवा कडेपाशी आली म्हणून एकदम मोकळी होत नाही. कडेच्या वरचा थोडा थर तिच्याबरोबरच ढकलला-ओढला जातो आणि त्यानंतर ती पसरते. म्हणजे खरा प्रस्पंद नळीच्या तोंडावर नसतो, तोंडाच्या थोडा वर असतो. हवेचा स्तंभ आपण पट्टीने मोजतो त्यापेक्षा थोडा लांबच वागतो. याला एंड करेक्शन म्हणतात, टोकाची दुरुस्ती. नाव ऐकून वाटतं की मापातली चूक दुरुस्त करायची आहे. तसं नाही. माप बरोबरच आहे, नळीची कड आणि तरंगाची कड यांच्या जागा वेगळ्या आहेत.

आता तिने सूत्राकडे न बघता स्वतः मांडलं. पहिली लांबी अधिक दुरुस्ती म्हणजे पाव तरंगलांबी. दुसरी लांबी अधिक तीच दुरुस्ती म्हणजे पाऊण तरंगलांबी. दुरुस्ती तीच का, असं मी मुद्दाम विचारलं. "तोंड तेच आहे ना," ती म्हणाली. पाणी खाली गेलं तरी तोंड बदललेलं नाही. उत्तर इतकं सरळ होतं की पुढे विचारण्यासारखं काही उरलं नाही.

वजाबाकी केली की दुरुस्ती आपोआप निघून जाते. ४९.७ वजा १५.८ म्हणजे ३३.९ सेमी, ही अर्धी तरंगलांबी. पूर्ण तरंगलांबी ६७.८ सेमी. गुणिले ५१२, म्हणजे ३४७.१ मीटर प्रति सेकंद. तापमानावरून काढलेले ३४७.२ शेजारी लिहिले. दोन्ही लांबींत एकेक मिलिमीटरची चूक उलट दिशांना धरली तरी उत्तर दोन मीटर प्रति सेकंदाने हलतं, म्हणजे जुळणी ठीकच म्हणायची. दशांशातलं साम्य नशिबाचं.

दुरुस्ती किती तेही निघतं. दुसऱ्या लांबीतून पहिलीची तिप्पट वजा करा आणि अर्धं करा: ४९.७ वजा ४७.४, म्हणजे २.३, त्याचं अर्धं १.१५ सेमी. गणितात अंतर्व्यास चार सेंटिमीटर दिला होता आणि तिने तो कुठेच वापरला नव्हता. साध्या, तोंडाभोवती पसरट कड नसलेल्या नळीची दुरुस्ती त्रिज्येच्या सुमारे ०.६१ पट असते. लेव्हिन आणि श्विंगर या शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये हा आकडा गणिताने नेमका काढून दाखवला. दोन सेंटिमीटर त्रिज्येला १.२२ सेमी होतात. आपले १.१५ त्याच्या जवळ आहेत, आणि मिलिमीटरभराच्या नोंदींतून यापेक्षा जास्त जवळीक मागणं रास्त नाही. गणितात दिलेली प्रत्येक गोष्ट वापरायलाच हवी असा काही नियम नाही, पण एखादी गोष्ट अजिबात हात न लावता उरली तर ती का दिली असेल हे एकदा विचारावं. इथे अशा दोन गोष्टी उरल्या होत्या, व्यास आणि तापमान, आणि दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवत होत्या.

तरी तिचं समाधान झालं नव्हतं. "पण ३३१ आले होते त्याचं काय? उगाच कसे येतील?"

प्रश्न न्याय्य होता, म्हणून हिशेब करून पाहिला. दुरुस्ती सोडून दिली की पहिल्या नोंदीचा वेग ४ × ५१२ × ०.०११५, म्हणजे २३.५ ने कमी येतो. दुसऱ्या नोंदीत तीच चूक तिपटीने पातळ होते, ७.८. सरासरीत १५.७ ची तूट. आणि २७ अंशांमुळे वेग शून्य अंशाच्या वर किती चढला होता? १६.२. वर चढलेले सोळा आणि खाली घसरलेले सोळा यांनी एकमेकांना खाऊन टाकलं आणि ३३१ शिल्लक राहिले. हवा १५ अंशांवर असती तर तिच्या रीतीने ३२४ आले असते आणि ती स्वतःच दचकली असती. दुर्दैवाने त्या दिवशी प्रयोगशाळेत सत्तावीस होते.

कागदावर पटणं वेगळं आणि कानाने ऐकणं वेगळं, म्हणून आम्ही नळीपाशी गेलो. संचात ३२० हर्ट्झचा काटा असतो, तो घेतला. रबरी ठोकळ्यावर मारून तोंडावर धरायचा, भुजा नळीला लागू द्यायच्या नाहीत, काचेला भुजा लागली की किणकिणाट होतो आणि अनुनाद हातचा जातो. पाणी ती खाली नेत होती, काटा माझ्या हातात. पहिल्या वेळी ती अनुनाद ओलांडून पुढे गेली, मग परत वर आली, पुन्हा खाली. ज्या जागी ठरलं तिथे नळी अशी भरून वाजली की ती हसलीच. २६.० सेमी. दुसरा अनुनाद ८०.२ वर सापडला.

तिने जुन्या रीतीने आकडे घातले: ३३२.८ आणि ३४२.२, सरासरी ३३७.५. नव्या रीतीने: लांबींतला फरक ५४.२ सेमी, वेग ३४६.९.

ती बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत होती. ५१२ च्या काट्याला जुनी रीत ३३१ म्हणत होती, ३२० च्या काट्याला ३३७. हवा तीच, खोली तीच. काटा बदलला म्हणून वेग बदलायला ध्वनीला काही कारणच नाही. तसं असतं तर लांबून ऐकलेल्या गाण्यातले जाड आणि बारीक सूर वेगवेगळ्या वेळी कानावर आले असते आणि गाण्याचा खिमा झाला असता. वजाबाकीची रीत मात्र दोन्ही काट्यांना एकच सांगत होती.

"म्हणजे पुस्तकाशी जुळवायचं नाही, स्वतःशी जुळतंय का बघायचं," ती म्हणाली. मी इतकं टोकाचं म्हणालो नसतो. पुस्तकाशीही जुळवावं, फक्त पुस्तकातली किंमत कुठल्या तापमानाची आहे ते वाचून.

मीटरभराच्या त्या नळीत ५१२ च्या काट्याचा तिसरा अनुनादही बसतो. तो कुठे येईल हे तिने आधी वहीत लिहिलं, ८३.६ सेमी, आणि मग पाणी खाली नेलं. ८३.५ वर सापडला. भाकित आधी लिहायचं आणि मग मोजायचं, यात जी धडधड असते ती उत्तर मागच्या पानावर बघण्यात नसते.

उत्तर ओळखीच्या आकड्याशी जुळवून घेण्याचा मोह मोठमोठ्यांना झालेला आहे. हे तिला मुद्दाम सांगितलं, कारण ती स्वतःवर चिडली होती. न्यूटनने ध्वनीचा वेग कागदावर काढला होता. त्याच्या 'प्रिन्सिपिया' या ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत सेकंदाला ९७९ फूट हे उत्तर आहे. प्रत्यक्ष मोजणी सांगत होती ११४२ फूट. तफावत सुमारे १४ टक्क्यांची. न्यूटनने काय केलं? हवेच्या कणांना स्वतःची जाडी असते आणि तेवढ्या जाडीतून ध्वनी क्षणात पार होतो असं धरलं, त्याने १०८८ झाले. मग हवेतल्या बाष्पाचा हिशेब धरून आणखी वीसावा भाग वाढवला. बरोब्बर ११४२. दोन्ही दुरुस्त्यांना आधार नव्हता. खरं कारण वेगळंच होतं: ध्वनीच्या तरंगात हवा इतक्या झटकन दाबली जाते की तापलेल्या भागातून उष्णता निसटायला वेळच मिळत नाही, त्यामुळे हवा न्यूटनने धरली त्यापेक्षा ताठ वागते. १८१६ मध्ये फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने ही गोष्ट हिशेबात आणली. शून्य अंशाला न्यूटनची रीत २८० मीटर प्रति सेकंद देते. झटकन दाबलेली हवा १.४ पट ताठ वागते, म्हणून त्याला १.४ च्या वर्गमुळाने, म्हणजे सुमारे १.१८ ने गुणलं की ३३१. हो, तोच तो ३३१.

हे ऐकून तिचा चेहरा जरा सैलावला. न्यूटनच्या पंक्तीला बसायला कोणाला आवडत नाही.

त्यानंतर तिच्या वहीत एक बदल दिसू लागला. मी सांगितलेला नव्हता. दोलकाचं गणित असो की ताणलेल्या तारेचं, सूत्राच्या आधी ती एक छोटी आकृती काढते आणि तिच्यावर बाण: काय हलतंय, कुठे सगळ्यात जास्त, कुठे अजिबात नाही. थंड दिवशी हाच प्रयोग केला तर काय बदलेल, या प्रश्नाला वर्गातले निम्मे जण 'वारंवारिता' म्हणाले. तिने काटा काढला, त्याच्यावर ५१२ लिहिलं, आणि त्याच्यासमोर नळी. वारंवारिता काट्याच्या मालकीची, वेग हवेच्या मालकीचा, आणि तरंगलांबीला दोघांचं ऐकावं लागतं. थंडीत वेग घटला की तरंगलांबी घटेल आणि अनुनाद थोडे वर सरकतील. (काट्याच्या धातूवरही तापमानाचा किंचित परिणाम होतो, पण या मापांत तो दिसणार नाही.)

एक शंका तिने स्वतःहून काढली: पाण्याच्या टोकाला दुरुस्ती का नाही? कारण हवेतून येणाऱ्या ध्वनीपुढे पाणी साडेतीन हजार पटींहून जास्त अडमुठं असतं. हवेच्या लेखी ती भिंतच. भिंतीपाशी बाण शून्य म्हणजे शून्य, आणि निस्पंद नेमका पाण्याच्या पृष्ठभागावर.

मग मी विचारलं, दोन्ही टोकं उघडी असलेली नळी घे. व्यास तोच चार सेंटिमीटर, लांबी ५० सेमी, तापमान २७. मूलस्वर, म्हणजे तिचा सगळ्यात खालचा सूर, किती हर्ट्झचा?

तिने नळी काढली, दोन्ही टोकांना बाहेर डोकावणारे बाण काढले आणि मी काही बोलायच्या आत लिहिलं: ५० अधिक दोनदा १.१५, म्हणजे ५२.३. ही अर्धी तरंगलांबी. पूर्ण १०४.६ सेमी. ३४७ भागिले १.०४६. कॅल्क्युलेटरवर आकडा उमटला आणि तिचा हात थबकला.

३३१.७.

तिने माझ्याकडे संशयाने पाहिलं. मी हात वर केले. हा आकडाही मी मुद्दाम घातला नव्हता. ती परत वहीकडे वळली, वरून खाली एकेक ओळ बोटाने तपासली, आणि आकड्यापुढे ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'हर्ट्झ'.